‘कुठंही फिरा’ : रंगभूमीचा विचार आणि आभासी जग

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पेठ वडगावहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर. सकाळी एस.टी.ने गेलो. माणसे लांबवर घोळक्याने उभी होती. छप्पर किती गेले, भिंती किती राहिल्या हे विचारणारे थोडे होते. कोण कोणत्या प्रयोगाला कोणत्या रांगेत बसला होता, शेजारी कोण होते, मध्यंतरात काय खाल्ले, याच आठवणी निघत होत्या. तेव्हा हे नुसते ऐकून घेतले. त्याचा अर्थ लागायला वर्षभर गेले.

माझा भाचा पुण्यात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आगीनंतर त्याने स्वतःच्या हौसेने या नाट्यगृहाची आभासी प्रतिकृती करायला घेतली. जुने फोटो, लोकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसांना विचारून काढलेले तपशील, एवढे त्याचे भांडवल. माझा पंचवीस वर्षे माइक-लाइटचा धंदा होता. जत्रा, तमाशे, शाळांची स्नेहसंमेलने, हौशी नाटके, सगळे केले. त्यामुळे त्याने मला तज्ज्ञ मानले. एका सुट्टीत तो वडगावला आला आणि माझ्या डोळ्यांवर तो चष्मा चढवला. चष्मा कसला, घोड्याची झापडच ती.

काम चोख होते. खुर्च्या होत्या, बाल्कनी होती, रंगमंचाची चौकट होती, वर लाइटचे बार होते. “मामा, आता कुठंही फिरा,” तो म्हणाला. मी फिरलो. स्टेजवर गेलो, विंगेत गेलो, बाल्कनीत गेलो. पाच मिनिटांत मला कंटाळा आला, आणि कंटाळा आल्याची लाज वाटली. ज्या रंगमंचावर पाय ठेवताना मी कायम चप्पल बाहेर काढली, तिथे मी बाजारात हिंडावे तसा हिंडत होतो. “चुकलंय काय सांगा की,” तो म्हणत राहिला. एक-दोन किरकोळ गोष्टी सांगितल्या. खरी चूक तेव्हा सांगता आली नाही. ती त्याच्या वाक्यातच होती: ‘कुठंही फिरा’.

रंगभूमीकडून आभासी जगाने काय घ्यावे, हा प्रश्न जगात तीसेक वर्षे चर्चेत आहे. त्यावर आपल्याकडून काही बोलता येईल का, हे पाहण्यासाठी मी गेले वर्षभर वाचतो आहे, खेळतो आहे (हो, या वयात), आणि भाच्याशी भांडतो आहे. त्यातून निघाले ते इथे मांडतो.

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. रंगभूमीवरून नव्या माध्यमात जायचे तर बरोबर काय न्यायचे आणि मागे काय ठेवायचे, याचा एक मोठा मराठी प्रयोग याच गावात झाला. केशवराव भोसले आणि बाबूराव पेंटर दोघेही १८९० सालचे, दोघेही कोल्हापूरचे. केशवरावांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श काढली. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव पेंटर हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे नामांकित चित्रकार होते. दोघांनाही सिनेमाचे वेड लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेराही इथेच खटपट करून तयार केला, आणि १९२० मध्ये कीचकवधाच्या कथेवरचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

पडदे रंगवून नाव कमावलेल्या या माणसाने सिनेमात जाताना पडदाच सोडला. रंगवलेल्या कापडापुढे नट उभे करून चित्रण करण्याऐवजी त्यांनी घन नेपथ्य उभे केले. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये घेतली. त्यांना कळले होते की कॅमेरा हा प्रेक्षक वेगळ्या जातीचा आहे. नाटकाचा प्रेक्षक कापडावरच्या जंगलाला जंगल मानायला तयार होऊन आलेला असतो. कॅमेरा असा काही करार करून येत नाही. तो कापडाला कापडच म्हणतो.

ही गोष्ट आपण नेहमी प्रगतीची गोष्ट म्हणून सांगतो: सपाटाकडून घनाकडे, खोट्याकडून खऱ्याकडे. आभासी जगाचे कारागीरही तीच पुढे नेतात. पडद्यानंतर सेट, सेटनंतर सिनेमा, सिनेमानंतर आता तुम्ही आतच चला! पण मला वाटते, इथे एक वळण चुकले. बाबूरावांनी पडदा सोडला तो कॅमेऱ्यासाठी. आभासी जगात कॅमेऱ्याच्या जागी पुन्हा जिवंत माणूस आलेला आहे, आणि त्याला करार करता येतो. त्याला कॅमेरा समजून वागवण्याचे कारण नाही.

या विषयावरचे जगातले मूळ पुस्तक ब्रेंडा लॉरेल या अमेरिकन बाईंचे. ‘कॉम्प्युटर्स अ‍ॅज थिएटर’ हे १९९१ मध्ये आले, २०१३ मध्ये सुधारून पुन्हा निघाले. बाई मूळच्या नाटकातल्या. नाट्यशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आणि अटारी कंपनीत काम केलेल्या. संगणकाला लोक तेव्हा अवजार समजत होते. बाई म्हणाल्या, हा रंगमंच आहे. यंत्र आणि माणूस मिळून इथे एक कृती घडवतात, आणि त्या कृतीला आदि-मध्य-अंत हवा. त्यासाठी त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलची सहा अंगे घेतली: कृती, पात्रस्वभाव, विचार, भाषा, नाद, दृश्य. कृती सगळ्यात वर, दृश्य सगळ्यात खाली. दृश्याच्या मागे लागलेल्या धंद्याला हे ठणकावून सांगणे त्या काळात मोठेच धाडस होते, आणि आजही ते कुणी मनावर घेतलेले दिसत नाही.

तरी माझे या पुस्तकाशी एक भांडण आहे. अ‍ॅरिस्टॉटलची शोकांतिका लिहून पूर्ण झालेली असते. तिच्यात प्रेक्षकाने उठून काही करायचे नसते. लॉरेलबाई तोच सांगाडा घेतात आणि प्रेक्षकाला रंगमंचावर चढवतात. मग कृतीचा तो सुंदर चढ-उतार सांभाळायचा कुणी? यंत्राने, असे त्यांचे उत्तर. यंत्राला हे जमेल असे मला काही वर्षांपूर्वी वाटले असते. आता जमेल असे भाचा म्हणतो. पण स्वतः लॉरेलबाईंनी जेव्हा आभासी जग बांधले, तेव्हा त्यांनी ते यंत्रावर सोडले नाही! १९९२च्या सुमारास कॅनडातल्या बॅन्फ येथे त्यांनी रेचेल स्ट्रिकलंड यांच्याबरोबर ‘प्लेसहोल्डर’ हा प्रयोग केला. एक गुहा, एक धबधबा, मातीचे सुळके असलेली एक दरी. आत जाणारी दोन माणसे कोळी, साप, मासा किंवा कावळा यांपैकी एकाचे रूप घ्यायची. रूप घेतले की हालचाल बदले, आवाज बदले. आणि या जगात एक ‘देवी’ होती, जी आत आलेल्यांशी बोलायची, त्यांना चिडवायची, वाट दाखवायची. देवी म्हणजे बाजूला माइकवर बसलेली एक खरीखुरी व्यक्ती होती. उत्स्फूर्त नाट्य करणाऱ्या मंडळींची मदतही त्यांनी घेतली होती.

हे वाचले तेव्हा मी हसलो. जग उभे करायचे, त्यात पाहुण्यांना सोंगे द्यायची, आणि सगळे सांभाळायला एक बोलके माणूस ठेवायचे, हे तर आमच्याकडचे आहे. बाईंच्या हातांना ते सापडले. पुस्तकातल्या अ‍ॅरिस्टॉटलने त्यांना ते सांगितले नव्हते.

भरतमुनींनी सांगितले असते. मी नाट्यशास्त्र वाचले ते गोदावरी केतकरांच्या मराठी ग्रंथाच्या आधाराने. संस्कृत मला येत नाही, हे आधीच कबूल करतो. त्यातल्या दोन गोष्टी आभासी जगाच्या प्रत्येक कारागिराने भिंतीवर लावाव्यात.

पहिली कक्ष्याविभागाची. रंगमंचाच्या जागेचे भाग कल्पायचे. नटाने एक फेरी मारली की तो एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचतो. तमाशातला सोंगाड्या हेच करतो. “चला मथुरेला” म्हणतो, ढोलकीच्या तालावर एक गिरकी घेतो, आणि मथुरा आली. कुणीही “कुठे आहे मथुरा?” असे विचारत नाही. याच विचाराशी नाट्यधर्मी आणि लोकधर्मी ही जोडी निगडित आहे. लोकात जसे घडते तसे दाखवणे ते लोकधर्मी. आणि रंगभूमीने स्वतःच्या संकेतांनी घडवलेले ते नाट्यधर्मी. आभासी जगाचा सगळा पैसा आज लोकधर्मीवर चालला आहे. गवताचे पाते वाऱ्यावर कसे हलते, ओल्या फरशीवर उजेड कसा पडतो. पण तिथे हात पुढे केला तर हाताला काही लागत नाही. जे माध्यम मुळातच संकेतांवर उभे आहे, ते संकेत लपवण्यासाठी एवढा खर्च करते, हा मला विनोद वाटतो.

दुसरी गोष्ट मापाची. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाचे तीन आकार आणि तीन मापे सांगितली आहेत: १०८ हात, ६४ हात, ३२ हात. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, असा निवाडा आहे. हात म्हणजे दीड फूट धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट. याहून मोठे करू नका, असे सांगून कारण दिले आहे: आवाज स्पष्ट पोहोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. जग किती मोठे असावे, तर त्यातल्या माणसांना एकमेकांचे मुख दिसेल एवढे!

आता याच्या शेजारी ‘नो मॅन्स स्काय’ ठेवा. २०१६ मध्ये आलेला हा इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीचा खेळ. त्यात ग्रहांची संख्या २चा ६४वा घात, म्हणजे १८वर १८ शून्ये लिहिली तरी कमीच पडते. (६४ हा आकडा दोन्हीकडे यावा, हा योगायोग मला फार आवडला.) खेळ बाजारात आला त्याच सुमारास दोन खेळाडूंनी ठरवून एका ग्रहावरच्या एकाच ठिकाणी पोहोचून दाखवले. दोघे एकाच जागी उभे, आणि दोघांनाही दुसरा दिसेना. पुढे २०१८ मध्ये कंपनीने ती सोय नीट करून दिली, आणि आज तो खेळ लोक आवडीने एकत्र खेळतात. पण पहिल्या दिवशीचे ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. एवढे ब्रह्मांड बांधले आणि शेजारी राहिला.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायला हवे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. सुरुवातीला लोकवर्गणीने पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी मंडळींनी तो नेटाने पुरा केला. राजी आणि तिचा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करणारी मुले. असुर गोलूला पळवतात, आणि राजी त्याला शोधायला निघते. हातात दुर्गेचा त्रिशूळ. राजस्थानी वाड्या-किल्ल्यांची बांधणी, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती.

मी हा खेळ भाच्याच्या लॅपटॉपवर खेळलो, आणि दोन गोष्टींनी थक्क झालो. एक म्हणजे, यात नजर खेळणाऱ्याच्या हातात नाही. राजी कुठेही जावो, तिच्याकडे कुठून बघायचे हे खेळ ठरवतो. बहुतेक वेळा वरून, जरा लांबून. कित्येकांनी याला दोष म्हटले. मला ती खुर्ची वाटली. मला बसायला जागा दिली होती! त्या जागेवरून वाड्याचा सज्जा, कमान, खालची दरी अशी रचना दिसायची की एखाद्या जुन्या कंपनीचा उत्तम पडदा उघडल्यासारखे वाटे. दुसरी म्हणजे, कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. दोघे राजीविषयी आपसांत बोलतात: ही पोर टिकेल का, हिला हे झेपेल का. हे सूत्रधार आणि नटीच आहेत. मधले कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत, आणि भिंतींवरच्या चित्रांजवळ गेले की त्यांची गोष्ट ऐकू येते. हा सगळा नाट्यधर्मी विचार आहे. कारागिरांनी तो त्या नावाने केला असो वा नसो. पहिल्या आवृत्तीत देव इंग्रजी बोलत, २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदीही बोलू लागले, हा आणखी एक चांगला भाग. मराठी कधी बोलतील ते बघू. कंपनी पुण्याची आहे म्हणून विचारतो, एवढेच.

तरीही तासा-दोन तासांनी खेळ मला बाहेर टाकू लागला. त्याचे कारण शोधायला वेळ लागला. मी एका कठड्यावरून चार वेळा पडलो. माझी बोटे जुनी आहेत. चारही वेळा राजी पुन्हा तिथेच उभी राहिली, आणि देवांच्या संवादात तसूभर फरक पडला नाही. तमाशात हे अशक्य आहे. चार वेळा कोणी पडला तर सोंगाड्या पाचव्यांदा त्याला सतरंजी आणून देईल. ‘राजी’चे सूत्रधार सुंदर बोलतात, पण त्यांना कान नाहीत. त्यांना राजीची कथा ठाऊक आहे. मी काय करतो आहे हे ठाऊक नाही. आणि राजीही त्यांना काही विचारत नाही. शेवट तर असा घाईने येतो की पडद्याची दोरी कुणाच्या हातून सुटली असे वाटले. एवढ्या कष्टाने केलेल्या खेळाबद्दल हे लिहिताना वाईट वाटते, पण माझ्या मते मराठी मुलखात या दिशेने झालेले हे सर्वांत जवळचे काम आहे, म्हणूनच त्याला असे तपासायचे.

कान असलेले जग म्हणजे काय, हे मी धंद्यात पाहिले. एका जत्रेत फडाला माइक माझे होते. बतावणी रंगात आली आणि कर्ण्याने शीळ धरली. ॲम्प्लिफायर माझ्या हातात असूनही मला ती आवरेना. मालक मला शिव्या घालणार हे नक्की. सोंगाड्या थांबला, कर्ण्याकडे बघितले, आणि मावशीला म्हणाला, “तुझा पहिला नवरा शिट्टी मारतोय बघ, उतरव त्याला झाडावरनं.” लोक पाच मिनिटे हसत होते. पुढे रात्रभर, शीळ बंद झाल्यावरही, तो पहिला नवरा वगात दोन-तीनदा येऊन गेला. माझी चूक त्या जगातले एक पात्र झाली होती. गण-गवळण-बतावणी-वग हा क्रम पक्का. आतली जागा मोकळी. मोकळी आहे म्हणून तिथे कोणीही शिरू शकतो, आणि क्रम पक्का आहे म्हणून फड मोडत नाही.

कोकणातल्या दशावतारात हे आणखी पुढे जाते. लिहिलेली संहिता नसते. आजचे कथानक काय, हे मंडळी संध्याकाळी ठरवतात. संवाद बाकड्यावर, उभ्या-उभ्या जन्माला येतात. नट पुराण जाणतो, आपल्या पात्राची कड जाणतो, समोरच्याला पेचात पकडणेही जाणतो. तरीही पहाटेपर्यंत कथा जिथे पोहोचायची तिथे पोहोचते. पडद्यावरच्या आपल्या रूपाला जगभर ‘अवतार’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्यात लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या १९८६च्या आभासी जगाचा मोठा वाटा. शब्द आपला गेला, पण त्याबरोबर दशावताराची रीत गेली नाही. ती तिथल्या लोकांना ठेच खाऊन शिकावी लागली. ‘हॅबिटॅट’च्या कारागिरांनी, मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी, आपला अनुभव फार प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. त्यांनी आठवडेच्या आठवडे खपून एक खजिन्याचा शोध रचला. लोक त्यात कित्येक दिवस रमतील असा अंदाज. एका गड्याला पहिल्या पंधरा मिनिटांतच मुख्य खूण सापडली, आणि सुमारे आठ तासांत त्याने खेळ संपवला. बाकीच्या अनेकांना शोधात उतरण्याची संधीही मिळाली नाही. मग त्यांनी ठरवले, आधी सगळे आखत बसायचे नाही. लोक काय करतात ते बघायचे, आणि त्यांच्या मागोमाग जायचे. कोणत्याही फडाच्या सरदाराने त्यांना हे पहिल्या दिवशी सांगितले असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. माटेआस आणि स्टर्न या दोघांनी पाच वर्षे राबून २००५ मध्ये ‘फसाड’ ही छोटी नाटिका केली. भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या घरी तुम्ही पाहुणे. तुम्ही वाटेल ते टंकायचे, ती दोघे त्यावर बोलतात, रुसतात, प्रसंगी घराबाहेर काढतात. वीसेक मिनिटांचा खेळ, एक खोली, दोन पात्रे. एवढ्यासाठी पाच वर्षे! आजची बोलणारी यंत्रे हे काम झपाट्याने करतील असे भाचा म्हणतो. करतीलही. पण दशावतारी नट नुसते उत्तर देत नाही. तो समोरच्या नटाला उत्तर देता देता समोरच्या गावालाही ऐकत असतो. कोणता टोला बसला, कोण पेंगतो आहे, कुठे आवरायचे. यंत्र एकाशी बोलते. बाकड्यावरचा राजा पाचशेंशी बोलतो, आणि त्या पाचशेंना एकमेकांचे हसू ऐकू येते.

म्हणून मी पुन्हा केशवराव भोसले नाट्यगृहाकडे येतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभारले आणि १९१५ मध्ये हे नाट्यगृह, तेव्हाचे पॅलेस थिएटर. दोन्ही पाठीला पाठ लावून. एकीकडे चौकट, समोरासमोर बसलेले प्रेक्षक, अंधार. दुसरीकडे गोल, मध्ये हौदा, आणि चहूबाजूंनी चढत गेलेली माणसे, ज्यांना कुस्तीबरोबर समोरच्या बाजूची हजारो तोंडेही दिसतात. बघणे म्हणजे काय, याची दोन उत्तरे एकाच राजाने तीन वर्षांच्या अंतराने शेजारी-शेजारी बांधली. दोन्हीत एक गोष्ट समान आहे: प्रत्येकाला एक जागा आहे, आणि ती जागा इतरांच्या संदर्भात आहे. माझ्या भाच्याच्या नाट्यगृहात खुर्च्या सगळ्या होत्या, जागा एकही नव्हती. आगीच्या दुसऱ्या सकाळी लोक जे आठवत होते ते नेमके हेच होते.

हे मी त्याला सांगितले तेव्हा तो रागावला नाही. गप्प झाला आणि पुण्याला गेला. महिन्याने दुसरी आवृत्ती पाठवली. ‘कुठंही फिरा’ काढून टाकले. आत गेले की एका खुर्चीवर बसवले जाते. मान वळते, पाय चालत नाहीत. स्टेजवर जायचे तर कुणीतरी बोलवावे लागते. आणि एकाच वेळी सहा माणसे आत येऊ शकतात. एका रविवारी आम्ही आत गेलो: मी आणि माझी बहीण वडगावात, भाचा आणि त्याचे तीन मित्र पुण्यात. बहिणीने शेजारच्या खुर्चीवरून मला “दादा, पलीकडं सरक की” म्हटले, आणि मी खरोखर सरकलो. पहिल्यांदाच ती जागा मला नाट्यगृह वाटली.

मग भाच्याने मला स्टेजवर बोलावले आणि आम्ही दोघांनी बतावणी करायचे ठरवले. ती साफ पडली. मी बोलायचो, हशा यायला वेळ लागायचा. मी पुढचे वाक्य सुरू केले की मागच्याचा हशा त्यावर आदळायचा. दोघे एकदम बोलायचो, दोघे एकदम थांबायचो. त्याने उशीर मोजला: कधी दीडशे मिलिसेकंद, कधी दोनशेच्या वर.

इथे माझा धंदा कामी आला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानावर कर्णे लांब-लांब लावले की मागच्याला शब्द दोनदा ऐकू येतो, हे प्रत्येक माइकवाल्याला माहीत असते. एकत्र वाजवणाऱ्यांचा ताल साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या उशिरापर्यंत टिकतो, पुढे ओढाताण सुरू होते. तीस मिलिसेकंदांत आवाज दहा मीटर जातो. ढोलकीवाला गाणारीच्या पाठीशी तीन पावलांवर का उभा असतो, ते यात आले. भरताच्या नाट्यगृहाची लांबी ९६ फूट, म्हणजे २९ मीटर; एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला पोहोचायला सुमारे पंच्याऐंशी मिलिसेकंद. त्या मापाने आमचा दोनशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे भाचा माझ्यापासून जवळजवळ सत्तर मीटरवर उभा होता. डोळ्यांना तो हाताच्या अंतरावर दिसत होता, कानांना भरताच्या सगळ्यात मोठ्या, देवांसाठीच्या मंडपाच्याही पलीकडे होता.

आभासी जगाचा मंडप हातांत किंवा किलोमीटरांत मोजून चालणार नाही, तो मिलिसेकंदांत मोजावा लागेल, असे मला यातून दिसते. त्या मापाने बघितले तर आज कोणते नाट्य तिथे शक्य आहे आणि कोणते नाही हेही ठरते. बतावणी नाही, जुगलबंदी नाही, टाळ्यांचा ठेका नाही. कीर्तन चालेल, बुवा बोलतात, लोक थांबून ‘विठ्ठल’ म्हणतात, अर्धा सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. भारूड अर्धे चालेल. खासबागेतली कुस्ती बघायला चालेल, कारण तिथला कल्ला मुळातच एका तालात नसतो.

प्रत्यक्ष नाट्यगृह जसेच्या तसे उभारायचे ठरले, आणि कामही सुरू झाले आहे. ते पुरे झाल्यावर भाच्याच्या प्रतिकृतीचे काय, असे मला काहींनी विचारले. मी त्याला विचारले. त्याचे म्हणणे, यंत्राला हशाचा अंदाज आधीच बांधायला शिकवता येईल. विनोद संपायच्या आत यंत्र हसू तयार ठेवेल, आणि उशीर कळणार नाही. मी म्हणालो, न हसलेल्याचे हसू ऐकवणार असशील तर मला स्टेजवर बोलवू नकोस. यावर आमचे अजून एकमत नाही. या दिवाळीत तो दोन चष्मे आणि एक लांब वायर घेऊन येणार आहे. एक चष्मा सोप्यात, एक माडीवर, मध्ये इंटरनेट नाही. उशीर वीस मिलिसेकंदांच्या आत येईल असे त्याचे गणित आहे. बहिणीला मावशीचे काम दिले आहे, आणि ती आत्तापासून पाठ करते आहे.